डावी मूठ

पाच खिडक्या, पाच मुठी.
चार गरागरा फिरतात, धरत काहीच नाहीत.
पाचवी निम्मीच उरलीय,
बाकीच्या निम्म्या जागी बुटाची नाडी.

सेक्रेटरी मोहिले जिन्यात भेटले.
"वहिनी, दीड वर्षात बिल्डिंग पाडणार.
सह्या झाल्यात. आता मुठी कसल्या बदलता?"
म्हटलं, दीड वर्ष म्हणजे
पाचशे सत्तेचाळीस रात्री.
तावदान आपटलं की तुम्ही याल का धरायला?
ते हसले. मग मेंटेनन्सचं बोलले.

माझगावची हवा लोखंड खाते,
पितळ नुसतं चाटते,
हिरवट ओल मागे ठेवून जाते.

नागदेवीला तिसऱ्या दुकानात
हकीमुद्दीनभाईंनी जुनी मूठ तळहातावर घेतली,
आंबा जोखावा तशी हलवली,
नखानं रंग खरवडला.
पोपटी, पांढरा, करडा,
आमच्या लग्नाच्या वेळचा आकाशी,
सगळ्यांखाली पिवळं धमक.
"पितळ आहे बाई. आता असं कोणी ओतत नाही.
डावी पाहिजे की उजवी?"
"खिडकीची."
"तेच विचारतो. डावी की उजवी?"
"घरात उभं राहून, की रस्त्यावर उभं राहून?"
तेव्हा त्यांनी चष्मा काढला.
दुकानातला पोऱ्या हातातले खिळे विसरून
हवेत खिडकी उघडू लागला,
मीही उघडू लागले,
मागे खोळंबलेलं एक गिऱ्हाईक, तेही.
अखेर चार उजव्या निघाल्या,
अॅल्युमिनियमच्या, पासष्टला एक.
डावी नाही.
डावी मागवावी लागेल, म्हणे,
आणि मागवायच्या तर कमीत कमी शंभर.

घरी आले तर जुनी भोकं सैल.
काड्यापेटीच्या काड्या, गुल मोडून,
फेविकॉलात बुडवून आत ठोकल्या.
सुकेपर्यंत डाळ शिजली.
मग स्क्रू. आधी नुसत्या बोटांनी,
मग जोर लावून,
मग एक शिवी देऊन, जी मला येते
हे मलाच माहीत नव्हतं.

चार खिडक्या आता लागतात.
टक्.
पोस्टातल्या शिक्क्यासारख्या.

राहिली पाचवी.
ही नाडी ह्यांनी बांधलेली.
कॅनव्हासच्या बुटाची, तेव्हा पांढरी होती.
चौतीस वर्षं गोदीत
दोरखंडांशी काढली ह्यांनी.
म्हणायचे, शिकून घे, सोपी आहे गाठ,
ओढलीस की आवळते, ढकललीस की सैल होते.
मी म्हणायचे, उद्या.
गॅसवर काहीतरी उतू जात असायचं.

आता सकाळी ढकलते, सैल होते.
रात्री ओढते, आवळते.
पूर्ण मात्र सोडत नाही.
सोडली तर बांधणार कोण?

भंगारवाल्यानं चार मुठी काट्यावर टाकल्या.
नव्यांना मोजले त्याहून
ऐंशी रुपये जास्तच आले हातात.
मोहिल्यांना मुद्दाम सांगितलं.
दुसऱ्या दिवशी ते म्हणे
आपल्याच खिडकीवरचा रंग
नाण्यानं खरवडत बसले होते.

काल रात्री वारा बंदराकडून होता.
चार खिडक्या गप्प.
पाचवी तेवढी चौकटीत
जराशी पुढे, जराशी मागे,
नाडी पुरते का बघत.

मी उठले नाही.